जाहिरातीत '९२० सेलेबल, ६६० कार्पेट' लिहिलंय, यातलं माझं घर नेमकं किती? आणि बाकीच्या शब्दांचा अर्थ पण सांगा

लातूरहून_पुण्यात

नमस्कार मंडळी. पुण्यात येऊन आठ वर्षं झाली, सगळी भाड्याच्या घरात गेली. आता मुलगी पहिलीत जाईल म्हणून बायकोचं आणि माझं ठरलंय की या वर्षी स्वतःचं घर घ्यायचंच. वडिलांनी पण गावाकडचा शेताचा एक तुकडा विकून थोडे पैसे दिलेत, त्यामुळे यात चूक करायची माझी अजिबात हिंमत नाही. बजेट ६० ते ६२ लाख. एवढ्यात सिंहगड रोडच्या बाजूला नवीन स्कीममध्ये मनासारखं काही बसत नाही म्हणून रीसेल बघतोय. दोन महिने रोज रात्री मुलगी झोपली की जाहिराती वाचत बसतो पण खरं सांगतो निम्मे शब्द कळत नाहीत आणि एजंटला विचारलं की म्हणतो सर तुम्ही आधी फ्लॅट तर बघा मग बोलू.

कालची एक जाहिरात जशीच्या तशी टाइप करतो:

"धायरी, २ बीएचके रीसेल, ९२० सेलेबल, ६६० कार्पेट, अटॅच्ड टेरेस, ड्राय बाल्कनी, ईस्ट फेसिंग, स्टिल्ट पार्किंग अलॉटेड, सीसी रिसीव्ड, क्लिअर टायटल, सोसायटी फॉर्म्ड, सेमी फर्निश्ड, बिल्डिंग २०१२ ची, सर्व बँकांचं लोन, ६२ निगो."

आता माझे प्रश्न. घर एकच आहे तर त्याचे दोन एरिया कसे काय? सीसी आणि ओसी एकच का वेगळं? रेरा नंबर दिलेला नाही म्हणजे फ्रॉड समजायचं का? पार्किंग 'अलॉटेड' म्हणजे विकत मिळतंय की नुसतं वापरायला? आणि ६२ म्हणजे ६२ च लागणार की वर अजून किती? रविवारी फ्लॅट बघायला जायचंय, त्याच्या आत कुणी समजावून सांगितलं तर फार उपकार होतील.

---

टेप_आणि_वही

दादा, आधी एरियाचं घ्या कारण सगळा हिशेब तिथेच फिरतो. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बँकांसाठी फ्लॅटची मोजमापं घ्यायचं काम बरीच वर्षं केलंय.

सेलेबल म्हणजेच सुपर बिल्टअप. यात तुमच्या घराबरोबर जिना, लिफ्ट, लॉबी, पॅसेज, कुठे कुठे तर क्लब हाउसचा सुद्धा तुमच्या वाट्याला टाकलेला हिस्सा धरलेला असतो. हा हिस्सा किती टाकायचा याचं कायद्यात माप नाही, बिल्डर टाकेल तेवढा. त्याला लोडिंग म्हणतात. तुमच्या जाहिरातीत ६६० चे ९२० केलेत म्हणजे ३९ टक्क्यांच्या आसपास लोडिंग झालं. त्या काळच्या पुण्यातल्या बिल्डिंगला हे काही जगावेगळं नाही, पण ९२० या आकड्यावर तुम्ही फर्निचर लावू शकत नाही हे लक्षात ठेवा. बिल्टअप म्हणजे कार्पेट अधिक भिंतींची जाडी.

कार्पेटची पण एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि त्यात कार्पेटची व्याख्या पक्की केली. घराच्या आतली वापरायची जागा आणि आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमच्या एकट्याच्या वापरातली बाल्कनी आणि उघडी टेरेस धरायची नाही. पण तुमची बिल्डिंग २०१२ ची. तेव्हा मोफा म्हणजे १९६३ चा जुना कायदा चालायचा, त्यात बाल्कनीचा एरिया कार्पेटमध्येच धरून शिवाय वेगळा दाखवायचा अशी पद्धत होती. त्यामुळे जुन्या अ‍ॅग्रीमेंटमधलं ६६० कार्पेट आणि नव्या स्कीममधलं ६६० रेरा कार्पेट ही दोन वेगळी घरं आहेत, दुसरं चांगलं मोठं असतं. लोक दोन्हीचे रेट शेजारी शेजारी ठेवून तुलना करतात आणि फसतात. यात विकणारा खोटं बोलतोय असंही म्हणता येत नाही, तो त्याच्या अ‍ॅग्रीमेंटमधला आकडा सांगत असतो.

रविवारी जाताना टेप न्या, पाच मीटरची साधी चालते. प्रत्येक खोलीची लांबी रुंदी प्लास्टर ते प्लास्टर घ्या आणि टेरेस, ड्राय बाल्कनी वहीत वेगळ्या पानावर लिहा. अ‍ॅग्रीमेंटमध्ये एरिया चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा म्हणजे स्क्वेअर फूट येतात. कुणी मोजू नका म्हणालं तर त्या घरातून सरळ बाहेर या.

आणखी एक बघा, टेरेस बंद करून हॉलला जोडलीय का. पुण्यात हे जुन्या फ्लॅटमध्ये सर्रास करतात, हॉल मोठा दिसतो, जाहिरातीत 'स्पेशियस लिव्हिंग' येतं आणि मंजूर नकाशात मात्र तिथे उघडी टेरेस असते. तसंच 'कन्व्हर्टेड २ बीएचके' असं कुठे वाचलंत तर समजायचं की नकाशात तो १ बीएचके आहे, किचन टेरेसवर सरकवून जुन्या किचनची बेडरूम केलीय. बँकेचा माणूस येतो तो मंजूर नकाशा हातात घेऊन येतो हे विसरू नका.

रेरा नंबर नाही याची काळजी करू नका. रेरा यायच्या आधीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या बिल्डिंगला नंबर नसतोच. नवीन स्कीम असेल, जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट ८ पेक्षा जास्त असतील आणि तरी नंबर नसेल, तर मात्र तिथे टोकन पण देऊ नका. नंबर असेल तर महारेराच्या, म्हणजे आपल्या राज्याच्या रेरा कार्यालयाच्या, साइटवर टाकून बघा, वकिलाचा टायटल रिपोर्ट, मंजुऱ्या, पझेशनची तारीख, सगळं तिथे दिसतं. ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रोजेक्टच्या जाहिरातीत क्यूआर कोड पण सक्तीचा केलाय.

---

लातूरहून_पुण्यात

बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी आत्तापर्यंत सगळ्यांचे रेट एकाच वहीत एकाखाली एक लिहून ठेवलेत, नवे जुने सगळे मिसळून. परत करावं लागेल. टेप आजच आणतो. सीसी ओसीचं कुणी सांगेल का?

---

आंबेगावची_ताई

मी सांगते, कारण या दोन अक्षरांनी आमची दहा वर्षं खाल्ली.

सीसी हा शब्द दोन कागदांना वापरतात. एक बांधकाम सुरू करायचा दाखला, तो कामाच्या सुरुवातीला मिळतो, आणि दुसरा काम पूर्ण झाल्याचा दाखला. इंग्रजीत दोन्हीचं पहिलं अक्षर एकच आहे. मुंबईकडे सीसी म्हटलं की बहुतेक वेळा सुरुवातीचाच दाखला असतो, तिथे त्याच्या आधी आयओडी म्हणजे अटी घालून दिलेली नकाशाची मंजुरी असते आणि सीसी पण आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी असं टप्प्याटप्प्याने मिळतं. आपल्या पुण्यात जुने लोक पूर्णत्वाच्या दाखल्यालाच सीसी म्हणतात. ओसी म्हणजे भोगवटा पत्र, म्हणजे या इमारतीत आता माणसांनी राहायला हरकत नाही असं महापालिकेने लिहून दिलेलं. त्यामुळे 'सीसी रिसीव्ड' वाचून काहीच कळत नाही, कागद बघितल्याशिवाय.

आम्ही २०१४ मध्ये फ्लॅट घेतला. बिल्डर म्हणाला ओसी अप्लाइड आहे, पंधरा दिवसात येईल, तोपर्यंत 'फिटआउट पझेशन' देतो, फर्निचर करून घ्या. आम्हाला घरभाडं आणि हप्ता दोन्ही झेपत नव्हतं, आम्ही फर्निचर करून राहायलाच आलो, सगळेच आले, पाडव्याला वीस बावीस घरांनी एकदम गृहप्रवेश केला. ते पंधरा दिवस अजून संपले नाहीत. त्याने वर दोन मजले मंजुरीपेक्षा जास्त चढवले होते हे आम्हाला नंतर समजलं. पाणी टँकरचं, दर महिन्याला मेंटेनन्सच्या वर टँकरची वर्गणी वेगळी. आणि २०२१ मध्ये मिस्टरांच्या बदलीमुळे फ्लॅट विकायला काढला तर आलेल्या गिऱ्हाइकाच्या बँकेने ओसी नाही म्हणून लोनच नाकारलं, असे तीन जण गेले. चौथा रोखीने घ्यायला तयार होता पण त्याने जो भाव सांगितला त्यात आमचं उरलेलं कर्ज सुद्धा फिटलं नसतं. मिस्टर तिकडे, मी आणि मुलं इकडे, असे तीन वर्षं राहिलो. आता सोसायटी म्हणून आम्ही सगळे मिळून पाठपुरावा करतोय.

म्हणून भाऊ, तुम्ही तीन गोष्टी बघा. दाखल्यावर 'भोगवटा' किंवा 'पूर्णत्व' हा शब्द आहे का. तो पूर्ण इमारतीचा आहे का 'पार्ट', म्हणजे काही मजल्यांचाच किंवा काही विंगचाच. आणि तुमचा फ्लॅट नंबर त्यात येतो का. पार्ट ओसी वाईट नसते, तुमचा फ्लॅट त्यात असला म्हणजे झालं. पण हे एजंटच्या तोंडून ऐकू नका, प्रत मागा. ओसी अप्लाइड, ओसी अवेटेड, ओसी इन प्रोसेस, नियर पझेशन, हे सगळे शब्द म्हणजे आज ओसी नाही एवढंच समजायचं.

---

कात्रज_बायपास

मी याच धंद्यात आहे, रीसेलचं काम करतो, त्यामुळे आमच्या बाजूने जे शब्द टाकले जातात ते सरळ सांगतो. ताईंचं वाचून वाईट वाटलं, असे फ्लॅट आमच्याकडे विकायला येतात तेव्हा आम्हाला पण कळत नाही की समोरच्या दोघांपैकी कुणाला काय सांगायचं.

क्लिअर टायटल हा विकणाऱ्याचा दावा आहे, त्याच्यामागे जाहिरातीत कुणी काही तपासलेलं नसतं. वकील ३० वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे नोंदणीच्या दफ्तरात जुने व्यवहार शोधतो, आणि मग लिहून देतो तेव्हा ते क्लिअर. तुम्ही मागायचं काय तर बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतची सगळी अ‍ॅग्रीमेंट, मधला एक जरी कागद हरवला असेल तरी अडतं. प्रत्येकाचा इंडेक्स टू म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आजच्या मालकाचं नाव चढलेलं असलं पाहिजे, आणि सोसायटीचं नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचं पत्र. मालकाचं लोन चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात, तेव्हा बँकेचं पत्र मागायचं की बाकी किती आहे. 'सर्व बँकांचं लोन' हे तर आम्ही टेम्प्लेटमध्येच टाकून ठेवतो हो, त्याला काही अर्थ देऊ नका, स्वतःच्या बँकेत कागद दाखवून विचारा.

सोसायटी फॉर्म्ड चांगलंच आहे पण पुढचा प्रश्न विचारा, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का. सोसायटी झाली तरी खालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर असते, अशा खूप सोसायट्या आहेत. बिल्डर करून देत नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे मानीव अभिहस्तांतरण करून घेता येतं. जमीन सोसायटीच्या नावावर नसली तर उद्या रीडेव्हलपमेंटच्या वेळी घोळ होतो. तुमच्या पाहुण्यांपैकी कुणी नवी मुंबईत बघत असेल तर तिथे बरीचशी जमीन सिडकोची लीजवरची, तिथल्या जाहिरातीत 'ट्रान्सफर चार्जेस एक्स्ट्रा' असतं ते सिडकोचे, ते आधी विचारून घ्या.

पार्किंगचं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की उघडी जागा आणि स्टिल्टमधली म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा ही सोसायटीच्या सामाईक मालकीची, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. त्यामुळे 'पार्किंग अलॉटेड' म्हणजे वापरायचा हक्क, आणि तो सोसायटीच्या रजिस्टरला कसा लिहिलाय त्यावर सगळं. मालक म्हणेल मी तेव्हा अडीच लाख भरलेत, भरले असतील, पण तुम्ही सेक्रेटरीला भेटून विचारा की फ्लॅट विकला गेल्यावर ती जागा नव्या मालकाकडे जाते की परत सोसायटीकडे येते. आणि प्रत्यक्ष गाडी लावून बघा, पिलरच्या मध्ये अशी जागा असते की दार उघडत नाही.

ईस्ट फेसिंग म्हणजे आमच्याकडे बहुतेक जण मुख्य दार पूर्वेला असं धरतात, काही जण बाल्कनी पूर्वेला असेल तरी लिहितात. सकाळचं ऊन घरात पाहिजे असेल तर सकाळीच बघायला जा. सेमी फर्निश्ड म्हणजे किचनच्या ट्रॉल्या, कपाटं, पंखे, गिझर, काय काय सोडून जाणार ते लिहून घ्या, मी स्वतः पाहिलंय लोक जाताना नळाच्या तोट्या काढून नेतात.

आता पैसे. ६२ ला घेतला तर पुणे महापालिका हद्दीत स्टँप ड्युटी सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार. घर फक्त वहिनींच्या नावावर घेतलंत तर १ टक्का सवलत आहे, ६२ हजार वाचतात, पण दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. रजिस्ट्रेशन ३० हजार. ड्युटी ही रेडी रेकनर म्हणजे सरकारी दराने येणारी किंमत आणि तुमचा व्यवहार यातल्या जास्त रकमेवर लागते. ५० लाखाच्या वरचा व्यवहार म्हणून १ टक्का टीडीएस तुम्ही विकणाऱ्याच्या पैशातून कापून भरायचा, ती जबाबदारी तुमची आहे त्याची नाही, हे विसरलात तर नोटीस तुम्हाला येते. सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त २५ हजार घेता येते, 'डोनेशन' म्हणून वर काही मागितलं तर पावती मागा. आमची ब्रोकरेज १ ते २ टक्के, ती आधी ठरवा. रीसेलला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या नव्या फ्लॅटला ५ टक्के लागतो, ४५ लाखाच्या आतल्या परवडणाऱ्या घरांना १, आणि ओसी आल्यावर घेतला तर लागत नाही.

या किमतीच्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ४९ लाख ६० हजार, आणि स्टँप ड्युटी त्यात धरत नाही. तुमच्या खिशातले १२ लाख ४० हजार, वर ड्युटी रजिस्ट्रेशन आणि १ टक्का ब्रोकरेज धरली तर साधारण १७ लाख ६६ हजार हातात पाहिजेत, त्यावर वकील, बँकेची फी, सामान हलवणं. निगोशिएबलचं बोलणं हा आकडा मनात ठेवून करा. आणि कुणी 'अ‍ॅग्रीमेंट ५० चं करू, १२ रोख द्या' म्हणालं तर नको म्हणा, लोन ५० वरच मिळणार आणि उद्या तुम्ही विकताना तुमची खरेदी ५० चीच धरली जाणार, रोख दिलेल्या १२ चा कुठेच पुरावा नाही, शिवाय तो गुन्हाच आहे.

---

मांजरीवाला

मध्येच विचारतो, सॉरी. इकडे आमच्या बाजूला '२ बीएचके ३० लाखात, ग्रामपंचायत मंजुरी, नोटरी करून ताबा' अशा जाहिराती फार येतात. माझा भाऊ रिक्षा चालवतो, त्याला हेच परवडतंय. घ्यावं का?

---

टेप_आणि_वही

मांजरीवाले, भावाला थांबवा. नोटरी केल्याने घर नावावर होत नाही, स्थावर मालमत्तेची खरेदी रजिस्टर्ड दस्तानेच होते. नोटरी म्हणजे सही नोटरीसमोर केली एवढाच पुरावा. तोच फ्लॅट तो माणूस उद्या दुसऱ्याला नोटरी करून देऊ शकतो आणि देतात. ग्रामपंचायतीच्या ठरावाला बांधकाम परवानगी समजू नका, हद्दीप्रमाणे पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा महापालिकेने मंजूर केलेला नकाशा मागा. तो नसला की लोन नाही, म्हणून ते ३० लाखात रोखीने विकतात. प्लॉटच्या जाहिरातीत पण असंच असतं, 'एनए' म्हणजे बिगरशेती लिहिलंय का 'एनए होणार' लिहिलंय, 'स्वतंत्र सातबारा' आहे का सामाईक सातबाऱ्यावर एक दोन गुंठे, ते नीट वाचा. १ गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट. सामाईक सातबाऱ्यात नाव लागलं तरी जमिनीतला नेमका कुठला तुकडा तुमचा ते त्यातून ठरत नाही.

भावाचं उत्पन्न कमी असेल तर म्हाडाच्या पुणे मंडळाच्या लॉटरीत फॉर्म भरत राहा म्हणावं. लगेच लागेल असं नाही, पण लागली तर घर कायदेशीर असेल आणि लोन मिळेल.

---

मांजरीवाला

धन्यवाद साहेब. टोकन ५१ हजार द्यायला उद्या जाणार होता. आत्ता फोन केला त्याला.

---

लातूरहून_पुण्यात

मंडळी, फ्लॅट बघून आलो, दहा दिवस लागले सगळं गोळा करायला म्हणून उशिरा लिहितोय.

मोजमाप असं आलं. हॉल १६ बाय १०, किचन ९ बाय ८, बेडरूम ११ बाय १० आणि १२ बाय १०, दोन्ही टॉयलेट ७ बाय ४ ची, पॅसेज १० बाय ३. बेरीज ५४८. टेरेस १० बाय ६ म्हणजे ६०, ड्राय बाल्कनी २८. आतल्या भिंतींचे अंदाजे २७ धरले तर टेरेस आणि ड्राय बाल्कनी सोडून ५७५ येतात. म्हणजे जाहिरातीतलं ६६० हे टेप दादा म्हणाले तसं सगळं धरून आहे. ६२ लाखाला ९२० ने भागलं तर ६,७३९ रेट येतो, तोच मी इतके दिवस वहीत लिहीत होतो. ५७५ ने भागलं तर १०,७८३. बायको म्हणाली हे आधीच कळलं असतं तर नऱ्हेच्या त्या नव्या स्कीमला आपण महाग म्हणून सोडलं नसतं, आणि ते खरंच आहे, तिथला रेट रेरा कार्पेटवर होता.

सीसीचं. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर जो कागद पाठवला तो बांधकाम सुरू करायचा दाखला निघाला, २००९ चा. ताई, तुमचं वाचलं नसतं तर मी त्यावरच खूश झालो असतो. मी भोगवटा पत्रच पाहिजे म्हणून अडून बसलो, मालक चिडले, मला म्हणाले तुमच्यासारखे संशयी लोक घर घेत नसतात. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना भेटलो, साधा माणूस, त्यांनी कपाटातून फाइल काढून फोटो काढू दिला. भोगवटा पत्र आहे, पूर्ण इमारतीचं आहे, पाचही मजले आहेत त्यात. कन्व्हेयन्स झालेलं नाही, डीम्डसाठी कागद गोळा करतायत. पार्किंग त्यांच्या रजिस्टरला फ्लॅट नंबरसह लिहिलेलं आहे आणि विकल्यावर नव्या मालकाकडे जातं असा ठराव पण दाखवला.

नोंदणी विभागाच्या ई सर्चवर त्याच बिल्डिंगचे इंडेक्स टू बघितले, तिसऱ्या मजल्यावरचा असाच फ्लॅट मागच्या वर्षी ५६ ला रजिस्टर झालाय. त्यावरून मी ५७ सांगितले, मालक ६० वर आलेत.

एकच अडचण राहिलीय. टेरेसला त्यांनी स्लाइडिंग लावून मधली भिंत काढलीय आणि ती हॉलमध्येच घेतलीय. नकाशात तिथे उघडी टेरेस आहे. याचं काय करू?

---

आंबेगावची_ताई

वाचून डोळ्यात पाणी आलं हो. अडून बसलात ते फार बरं केलंत. चिडू देत त्यांना.

---

टेप_आणि_वही

मोजमाप चोख केलंय. टेरेसचं सांगतो.

मधली जी भिंत काढलीय तिथे वर बीम दिसतो का बघा. बीम शाबूत असेल आणि नुसती विटांची भिंत, दार खिडकी काढली असेल तर इमारतीला धोका सहसा नसतो, तरी एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, त्याची फी एवढ्या मोठ्या व्यवहारात काहीच नाही. धोका नसला तरी ती जागा मंजूर नाहीच. उद्या महापालिकेने नोटीस काढली तर ती त्या वेळच्या मालकाला येते, म्हणजे तुम्हाला.

मी असतो तर मालकाला सांगितलं असतं की साठेखताच्या आधी तुमच्या खर्चाने दार खिडकी परत बसवून नकाशाप्रमाणे करून द्या. ते तयार नसतील तर तो खर्च तुम्ही किमतीतून वजा करून मागा, ६० वरून खाली यायला ते एक सबळ कारण आहे, आणि ताबा घेतल्यावर पहिलं काम ते करून घ्या. बँकेत फाइल द्यायच्या आधी त्यांच्या व्हॅल्युअरला ही टेरेस बंद केलेली आहे हे स्वतःहून सांगा, त्याला जागेवर दिसली की रिपोर्टमध्ये शेरा मारतो आणि फाइल तिथेच लटकते. मला पाठवली असतीत तर मी पण मारला असता.

५८ च्या आसपास मिळालं तर माझ्या मते घ्यायला हरकत नाही, वकिलांचा सर्च रिपोर्ट हातात आल्यावर. तोपर्यंत टोकन चेकनेच द्या, आणि पावतीवर 'टायटल किंवा लोन मंजूर न झाल्यास पूर्ण रक्कम परत' असं मालकाच्या सहीने लिहून घ्या.

---

लातूरहून_पुण्यात

बीम आहे, आत्ताच फोटो परत बघितला. सर्च रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे. दार खिडकीचं कोटेशन उद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून घेतो आणि तेच घेऊन मालकांकडे जातो.